उंबऱ्याच्या आंतील छळ

शाळेंतील दांडगाई कांहीं आजची नव्हे. दुबळ्या मुलास नांवें ठेवणें, त्याचें दप्तर लपविणें, चौघांनीं मिळून त्यास एकटें पाडणें, हें आपल्या आजोबांच्या वेळींही होतेंच. परंतु त्या छळास एक सीमा होती. शाळा सुटली, मूल घराचा उंबरा ओलांडून आंत आलें, कीं त्याची सुटका होई. आज तो उंबरा उरलेला नाहीं. छळणारा आतां फोनांतून घरांत शिरतो, मुलाच्या उशाशीं बसतो. आणि त्याचा विखारी शब्द चौघांनींच नव्हे, तर साऱ्या शाळेनें वाचलेला असतो.

नॉर्वेंत संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस ह्यांनीं छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं: दुखविण्याचा हेतु, पुनरावृत्ति आणि बळाची विषमता. इंटरनेटवर एकदां टाकलेलें चित्र हातोहात फिरतें, म्हणजे पुनरावृत्ति आपोआपच होते. आणि खोट्या नांवाआड दडलेल्याशीं झुंजावें तरी कसें?

अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत घडलेली एक हकीकत आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मेगन मायर ही १३ वर्षांची, मूळचीच खिन्न प्रकृतीची मुलगी. २००६ सालीं ‘मायस्पेस’वर एका मुलाशीं तिची ओळख झाली. प्रथम त्यानें तिची स्तुति केली. मग अकस्मात् अत्यंत कठोर शब्द लिहिले, व इतरांनीं त्यांत भर घातली. त्याच ऑक्टोबरांत मेगननें आपलें जीवन संपविलें. पुढें उघडकीस आलें कीं, असा मुलगा मुळीं अस्तित्वांतच नव्हता. त्या खोट्या खात्यामागें तिच्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या आईचाही हात होता! मेगनच्या खात्यावर तिच्या आईची देखरेख होती, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. नुसता पहारा पुरा पडत नाहीं, तो असा.

मग आईबापांनीं करावें काय? प्रथम खुणा ओळखाव्या. फोन वाजतांच चेहरा उतरणें, शाळेची टाळाटाळ, अन्नावरील वासना उडणें, मित्रांचीं नांवें बोलण्यांतून एकाएकीं नाहींशीं होणें, ह्या त्या खुणा होत. मूल बोलूं लागलें कीं मध्येंच ‘पण तूं काय केलें होतेंस?’ असें विचारूं नये. सर्व ऐकून घ्यावें व ‘सांगितलेंस हें बरें केलेंस’ एवढेंच म्हणावें. फोन हिसकावून घेण्याची घाई तर मुळींच करूं नये. तो उपाय नव्हे. ती शिक्षा होय, आणि तीही ज्यानें सोसलें त्यालाच! ह्याच भीतीनें कित्येक मुलें गप्प राहतात.

नंतर मुलाबरोबर बसून त्या मजकुराचे स्क्रीनशॉट जपून ठेवावे, उलट उत्तर न देतां तें खातें ब्लॉक करावें, संबंधित कंपनीकडे तक्रार नोंदवावी व मुख्याध्यापकांस भेटावें. धमकी किंवा अश्लील चित्र असेल, तर सायबर पोलिसांकडे जाण्यास संकोच करूं नये; मात्र अशा चित्राची प्रत कोणासही पाठवूं नये. २०१२ सालचा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलास व मुलीस सारखेंच संरक्षण देतो. बालकांसाठीं १०९८ आणि मनाच्या स्वास्थ्यासाठीं ‘टेली मानस’चा १४४१६ हे क्रमांक अहोरात्र चालू असतात.

आणि छळणारें मूल आपलेंच निघालें तर? ‘आमचा बाळ तसा नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं आपल्या जेवणाच्या पंक्तीकडे एकदां पाहावें. कोणाचा रंग, कोणाचे गुण, कोणाचें आडनांव ह्यांवर आपण सहज थट्टा करतों; मुलें ती ऐकतात आणि तीच भाषा फोनांत उतरते. अशा वेळीं मुलास पाठीशीं न घालतां, त्यानें दुखविलेल्या मुलाची समक्ष क्षमा मागावयास लावावी, व आपण सोबत जावें.

सोळा वर्षांच्या पुत्रास मित्राप्रमाणें वागवावें, असें आपलें जुनें नीतिवचन सांगतें. आजच्या काळीं ही मैत्री तीन-चार वर्षें आधींच जोडली पाहिजे, आणि ती पुत्राइतकीच कन्येशींही.