मुंबईत उतरायचं कुठे?

मुंबई बघायला निघालेल्या माणसाला गावाकडे पहिला प्रश्न विचारतात तो, ‘उतरणार कुठे?’ काय बघणार, हे नंतर. या शहरापुरता हा क्रम बरोबरच आहे, कारण मुंबईत मुक्कामाच्या जागा हीच बघण्यासारखी गोष्ट आहे.

सर्वांत जुनी जागा बोरिवलीला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून पाच-सहा किलोमीटर आत कान्हेरीची लेणी लागतात. शंभरावर लेणी, आणि पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेली खोदाई पुढे काही शतके चालू राहिलेली. बहुतेक लोक तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्ती बघून परततात. थोडं वर चढून एखाद्या लहान विहारात शिरावं. ओसरी, आत अंधारी खोली, आणि भिंतीलगत त्याच कातळातून ठेवलेला माणसाच्या लांबीचा ओटा. भिक्षूची झोपण्याची जागा ती. बाहेर पाण्याचं टाकं, तिथल्या शिलालेखांच्या भाषेत ‘पोढी’. पावसाचं पाणी उतारावर कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांत येतं. अंथरूण, पाणी आणि सावली, एवढी सोय दोन हजार वर्षांपूर्वी इथे होती, आणि तिचा खर्च उचलणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याकडचे व्यापारी होते, हे तिथेच दगडावर लिहिलेलं आहे. सोमवारी मात्र जाऊ नये, बंद असतं.

पैसे मोजून राहण्याचं मोठं हॉटेल शहरात बांधलं गेलं ते १८६०च्या दशकात. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, सुटा करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचा चलत्‌चित्रांचा खेळ भारतात प्रथम झाला तो याच इमारतीत. त्या चित्रांनी भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी पुढे कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. मार्क ट्वेनही १८९६ सालीच वॉटसनमध्ये उतरले होते, आणि हिंदुस्थानातल्या कावळ्यांच्या आगाऊपणावर त्यांनी चांगली पानंच्या पानं खर्ची घातली. हॉटेल कधीच बंद झालं. इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने मोडकळीला येऊन उभी आहे. आत जायच्या भानगडीत पडू नये, समोरच्या फुटपाथवरून सज्जे बघावेत.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर एकवीस वर्षांनी, ४ डिसेंबर १९२४ रोजी. आज ताज गेटवेच्या शेजारी दिसतं, पण खरं तर गेटवे ताजच्या शेजाराला आलं. जमशेटजी टाटांनी बांधवलेल्या या वास्तूच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुरचनाकाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या पश्चात डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि आराखडा करणाऱ्याने त्या धक्क्याने जीव दिला, ही कथा गाइड फार रंगवून सांगतात. तिला आधार नाही. पूर्वीचं मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, इतकंच. ताजच्या मागच्या गल्लीत साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड गेस्ट हाऊस आहे. तिथे खोली नव्हे, नुसती खाटही मिळते. वारा दोघांना एकाच समुद्राचा.

गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरीला जाता येतं. तिथल्या लेण्यातली तिहेरी मुखांची शिवमूर्ती बघायला वेळ हाताशी ठेवून जावं, कारण डोळे अंधाराला सरावल्याशिवाय उजव्या मुखाचं मार्दव आणि डावीकडच्या मुखाचा उग्रपणा वेगवेगळे कळत नाहीत. बेटावर २०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलने वीज पोचली. पर्यटकाने मुक्काम न करता संध्याकाळच्या लाँचने परतायचं असतं.

कोणत्याही पर्यटन नकाशावर नसलेला एक मुक्काम मात्र मला या सगळ्यांहून मोठा वाटतो: गावची खोली. गिरण्या जोरात होत्या तेव्हा लालबाग, परळ, काळाचौकी भागात कोकण-घाटावरच्या एकेका गावाने चाळीत खोली घेऊन ठेवलेली असे. भाडं वर्गणीतून. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोरी. एवढी माणसं मावायची कशी? पाळ्यांमुळे. रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीच्याची वळकटी गुंडाळलेली असे, आणि ती जागा त्याची. पावसाळ्यात हाल, उन्हाळ्यात गॅलरी नि फुटपाथ. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. तरी चंदगड-आजऱ्याकडच्या काही गावांच्या खोल्या टिकून आहेत, नि नोकरी शोधायला आलेला पोरगा आजही स्टेशनवरून ट्रंकेऐवजी पाठीवरची सॅक घेऊन थेट तिथे जातो.

आता त्याच हिशेबाची नवी आवृत्ती मुंबई सेंट्रल स्थानकात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे रेल्वेचं कॅप्सूल हॉटेल सुरू झालं, ४८ कॅप्सूलचं. आडवं व्हायचं, फार तर उठून बसायचं, उभं राहायचं नाही. दिवा, मोबाइलसाठी प्लग, वातानुकूलन. पूर्ण दिवस नको असेल तर बारा तासांच्या हिशेबानेही घेता येतं, म्हणजे पुन्हा पाळीच. लांबीला कान्हेरीच्या ओट्याएवढंच असेल. ओट्यावरून उठलं की मात्र चार पावलांवर ओसरी होती, आणि ओसरीसमोर जंगल.