सायकलस्वाराचे डोके आणि दोन सेंटिमीटर थर्मोकोल

भातकुलीच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी, शाळा सुटण्याच्या वेळी, पाच मिनिटे उभे राहून पाहा. आसपासच्या खेड्यांतली मुलेमुली सायकली काढतात आणि निघतात. कोणाच्या डोक्याला दुपट्टा, कोणाच्या ओढणी, बाकीची डोकी उघडीच. हेल्मेट क्वचितच दिसेल. उलट अमरावती शहरात पहाटे व्यायामासाठी सायकल घेऊन निघणारी मंडळी हेल्मेट घातलेली दिसतात. दोघांची डोकी सारखीच नाजूक. मग हा फरक का? आणि विद्यार्थ्यांनी विचारले, तर शिक्षकाने काय सांगावे?

आधी हेल्मेट करते काय ते पाहू. सायकलवर बसलेल्याचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. तेथून खाली पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर झालेला असतो. सायकल उभी असताना तोल गेला तरी हा आकडा साधारण हाच. म्हणून ‘मी तर हळू चालवतो’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे.

हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते, यावर सारे अवलंबून असते. उघडे डोके डांबरी रस्त्यावर आदळले, तर थांबायला जेमतेम काही मिलिमीटर मिळतात. समजा, ३ मिलिमीटर मिळाले. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, या आपल्या नेहमीच्या सूत्राने मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५०० पट येते. आता मध्ये हेल्मेटचा थर्मोकोल आहे आणि तो २ सेंटिमीटर दबला असे समजू. मंदन सुमारे ७५ पटींवर उतरते. ही सरासरी झाली. प्रत्यक्षातली कमाल किंमत याहून जास्त असते. युरोपीय मानकानुसार होणाऱ्या चाचणीत सपाट पृष्ठभागावर हेल्मेट याच वेगाने आदळवतात आणि मंदन २५० पटींच्या आत राहावे लागते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, थर्मोकोल स्वतः चुरडून डोके वाचवतो. त्यामुळे जोरात आदळलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी पुन्हा वापरू नये. दुसरी, ही चाचणी पडण्याची आहे, ट्रकच्या धडकेची नव्हे. वेग दुप्पट झाला की शोषायची ऊर्जा चौपट होते. ती पेलण्याइतकी जाडी या हेल्मेटला नसते.

प्रत्यक्ष अपघातांत काय दिसते? अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, हेल्मेट घातलेल्या जखमी सायकलस्वारांमध्ये डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे उपयोग आहे, आणि चांगलाच आहे.

तरीही माणसे हेल्मेट घालत नाहीत, ती अडाणी म्हणून नव्हे. एका फेरीत पडण्याची शक्यता फार थोडी असते. हजार वेळा सुखरूप घरी पोचलेल्याचे मन धोका मोजतच नाही. त्याउलट त्रास रोजचा असतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे डोके झाकायचे ते उन्हापासून, आणि त्याला दुपट्टा पुरतो. हेल्मेटला पैसे लागतात. वर्गात ते ठेवायला जागा नसते. वेणी आड येते. शिवाय चाळीस जणांत एकटेच घालणाऱ्याला हसू होण्याची धास्ती! शहरातल्या पहाटेच्या गटात नेमके उलटे घडते; तेथे न घालणारा वेगळा दिसतो.

मग सक्ती करावी का? आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मधील हेल्मेटसक्ती मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे, सायकलसाठी नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना सक्ती केली. वर्षभरात हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण ३१ वरून ७५ टक्क्यांवर गेले. पण मेलबर्नमधील मोजणीत सायकल चालवणारी किशोरवयीन मुलेच बरीच कमी झालेली आढळली. हेल्मेट नको म्हणून काहींनी सायकलच सोडली, असा अर्थ अनेक अभ्यासकांनी काढला. त्यावर वाद अजून चालू आहे. नेदरलँड्समध्ये सामान्य सायकलस्वार हेल्मेट घालत नाहीत. तेथे सुरक्षितता आहे ती मोटारींपासून वेगळ्या केलेल्या सायकलमार्गांमुळे.

आपल्यासाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून, मागास ठरलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये २००६ साली अशीच योजना सुरू झाली. तिच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ‘हेल्मेट नसेल तर सायकल आणू नको’ असे आपण म्हटले आणि एखादीची शाळा सुटली, तर डोके वाचवण्याच्या नादात आपण काय गमावले?

माझे मत असे: हेल्मेट शिकवावे, सोपे करावे, पण शाळेच्या दाराशी अट म्हणून उभे करू नये. वर्गाबाहेर खुंट्या ठोकाव्यात. निदान महामार्गावरून येणाऱ्यांसाठी शाळेने काही हेल्मेटे मिळवावीत. चार-पाच जणांनी एकदम सुरुवात केली, तर हसणारे आपोआप कमी होतील. ब्रेक, मागचा परावर्तक आणि रस्त्याची कड यांची तपासणीही सोबत हवीच, कारण न पडणे हे पडून वाचण्यापेक्षा केव्हाही चांगले.

वर्गात एक प्रयोग करा. एक अंडे तसेच आणि दुसरे थर्मोकोलच्या जाड तुकड्यांत घट्ट बांधून, सारख्याच उंचीवरून फरशीवर सोडा. नंतर नाव न लिहिता एका चिठ्ठीवर प्रत्येकाला विचारा: तू हेल्मेट का घालत नाहीस? अंड्याचे उत्तर भौतिकशास्त्र देईल. चिठ्ठ्यांतली उत्तरे मात्र आपल्यालाच वाचावी लागतील, आणि शाळेत काय बदलायचे ते त्यांतूनच कळेल.