डब्यावरचे आकडे आणि अक्षरे : आपल्या इंजिनाला कोणतं ऑइल?



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवसांची मासेमारी बंदी. ट्रॉलर जेटीला लागतील, जाळी उतरतील, खलाशी गावाला जातील आणि इंजिनाच्या कामाला सुरुवात होईल. दरवर्षी याच दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "जाडं ऑइल द्या हो, जाडं ऑइल इंजिनाला बरं."

हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याने जास्त नुकसान होतं. गेल्या हंगामात आमच्या एका सभासदाचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड भर दर्यात बंद पडलं. शेजारच्या होडीने दोर टाकून ओढून आणलं म्हणून माणसं वेळेत घरी आली. मेकॅनिकने हेड उघडलं तर पिस्टनला भोक. पेट्रोलमध्ये ऑइल रोज मापाने घातलेलं, कंपनीही चांगली, पण डबा मोटरसायकलच्या टू-टी ऑइलचा. दुकानदाराने "टू-टी म्हणजे टू-टी, सगळं एकच" म्हणून दिला आणि यांनी घेतला. हंगामाची सुरुवात, मासळीला भाव, आणि होडी पंधरा दिवस किनाऱ्यावर.

चूक पैसे वाचवण्यातून झाली नव्हती. डबा वाचला गेला नाही, एवढंच. म्हणून आज डबा कसा वाचायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट : आकडा म्हणजे दाटपणा, दर्जा नव्हे

डब्यावर मोठ्या अक्षरांत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. हा एसएईचा ग्रेड. एसएई ही अमेरिकेतल्या ऑटोमोबाईल इंजिनीअरांची संस्था. ऑइलची दाटपणावरून वर्गवारी करायला तिने १९११ मध्ये सुरुवात केली आणि आज जगभर तीच चालते. हा आकडा ऑइल किती दाट आहे एवढंच सांगतो. चांगलं की वाईट, ते सांगत नाही.

दाटपणा समजायला घरातली खोबरेल तेलाची बाटली बघा. डिसेंबरच्या सकाळी तेल थिजतं, उन्हात ठेवावं लागतं. तेच तेल मे महिन्यात पाण्यासारखं वाहतं. तेल एकच, पण तापमानाप्रमाणे दाटपणा बदलला. इंजिन ऑइलचंही असंच. म्हणून त्याचा दाटपणा थंड असताना आणि गरम असताना असा वेगवेगळा मोजतात.

शेवटचा आकडा, म्हणजे ४०, हा गरम इंजिनातला दाटपणा. १०० अंश सेल्सिअसला मोजतात. त्या मापाला सेंटीस्टोक म्हणतात. ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ च्या आत, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ च्या आत, आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ च्या आत बसावं लागतं.

पहिल्या आकड्यापुढचा डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती आडवं येतं याची ती चाचणी. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. आता कोणी म्हणेल, आमच्या दर्यात बर्फ कुठे पडतो? बरोबर. आपल्याकडे या दोघांत स्टार्टिंगला मोठा फरक जाणवणार नाही. मॅन्युअल सांगेल ते घ्यावं.

मग नुसतं ४० नंबरचं, म्हणजे मोनोग्रेड, आणि १५डब्ल्यू-४० यांत फरक काय? १०० अंशांवर दोन्ही जवळपास सारखीच. पण ४० अंशांवर मोजलं तर मोनोग्रेड साधारण १५० सेंटीस्टोक भरतं आणि १५डब्ल्यू-४० साधारण ११०. म्हणजे पहाटे गार इंजिन चालू करताना मल्टिग्रेड ऑइल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचतं. स्टार्टिंगचे ते पहिले क्षणच इंजिनाला जड जातात.

जाडं ऑइल घातलं की काय होतं?

४० सांगितलं असताना ५० घातलं, तर गार इंजिनात ऑइल फिल्टरमधून नीट जात नाही. फिल्टरवरचा दाब वाढला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता थेट बेअरिंगकडे जातं. शिवाय जाडं ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद जाते, म्हणजे डिझेल जास्त. प्रेशरच्या काट्यावर आकडा छान दिसतो, आपल्याला बरं वाटतं. पण प्रेशर जास्त म्हणजे बेअरिंगला ऑइल जास्त, असं नसतं.

उलट फार पातळ ऑइल घातलं तर बेअरिंगमधला ऑइलचा थर टिकत नाही. जाळं ओढताना, इंजिन लोडवर तापलेलं असताना धातूला धातू घासतो. म्हणून जाडंही नको, पातळही नको. इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेलं घ्या. इंजिन जुनं होऊन ऑइल खायला लागलं असेल तर जाडं ऑइल घालून आवाज दबेल, पण झिजलेली रिंग काही भरून येणार नाही.

दुसरी गोष्ट : अक्षरं म्हणजे दर्जा

दर्जा कळतो तो एपीआयच्या अक्षरांवरून. एपीआय ही अमेरिकेतली पेट्रोलियम उद्योगाची संस्था. अक्षरांची सुरुवात एसने असेल तर पेट्रोल इंजिन, सीने असेल तर डिझेल इंजिन. त्यानंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. शेवटचा ४ म्हणजे फोर-स्ट्रोक.

आपल्या ट्रॉलरांत बसवलेली पुष्कळशी इंजिनं मुळात ट्रकची, बोटीसाठी बदलून घेतलेली. म्हणून डिझेलची ओळ नीट लक्षात ठेवा :

सीएफ-४ : १९९० चा दर्जा. एपीआयने तो केव्हाच मागे टाकला, पण बाजारात डबे अजून दिसतात.
सीएच-४ : १९९८ चा.
सीआय-४ : २००२ चा. काजळी सांभाळायला आधीच्यांपेक्षा चांगला. सीडी, सीएफ-४, सीएच-४ सांगितलेल्या इंजिनांत त्यांच्याऐवजी चालतो.
सीजे-४ : २००६ चा. एग्झॉस्टमध्ये फिल्टर असलेल्या इंजिनांसाठी राख कमी ठेवलेला.
सीके-४ : २०१६ चा. सीजे-४, सीआय-४ आणि सीएच-४ च्या जागी चालतो.

म्हणजे नवा दर्जा जुन्याच्या जागी सहसा चालतो. जुना नव्याच्या जागी चालत नाही. मॅन्युअल सीआय-४ सांगत असेल आणि तुम्ही स्वस्त म्हणून सीएफ-४ घातलं, तर ग्रेड १५डब्ल्यू-४० बरोबर असूनही ऑइल चुकलं.

एक अपवाद आहे. एफए-४ नावाचा दर्जाही २०१६ मध्येच आला. तो काही ठराविक नव्या ट्रक इंजिनांसाठी मुद्दाम पातळ केलेला. आपल्या जुन्या इंजिनांत तो घालायचा नाही.

डिझेलमधल्या गंधकाचंही इथे नातं आहे. गंधक जळून आम्ल होतं आणि ते बेअरिंग खातं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कली घातलेली असते. तिचं माप म्हणजे टीबीएन. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा डिझेल मिळतं, त्यात गंधक दहा लाखांत १० भागांपेक्षा जास्त नसतं. म्हणून आम्लाचा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला. मात्र कुठूनतरी स्वस्तात मिळालेलं, पंपाबाहेरचं डिझेल घातलंत तर हा हिशोब मोडतो.

डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असेल, मधे ग्रेड आणि वर दर्जा लिहिलेला, तर त्या कंपनीने एपीआयचा परवाना घेतलेला आहे. नुसतं "एपीआय सीआय-४" असं छापलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा. तो खोटाच असतो असं नाही, पण अशा वेळी कंपनी ओळखीची हवी, सील शाबूत हवं आणि बिल हातात हवं.

तिसरी गोष्ट : आउटबोर्डवाल्यांनी हे दोनदा वाचा

आउटबोर्डसाठी एनएमएमए या अमेरिकेतल्या बोट उद्योगाच्या संस्थेची दोन चिन्हं महत्त्वाची.

टू-स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३. फोर-स्ट्रोक आउटबोर्डला एफसी-डब्ल्यू. इथला डब्ल्यू थंडीचा नाही, वॉटरचा. म्हणजे पाण्याने गार होणारं इंजिन.

आता फसगत कुठे होते बघा. मोटरसायकलच्या टू-टी डब्यावर नुसतं "टीसी" असतं. टीसी आणि टीसी-डब्ल्यू३ दिसायला भाऊ, पण ऑइल वेगळं. मोटरसायकलचं इंजिन हवेने गार होतं, फार तापतं, म्हणून त्याच्या ऑइलमध्ये धातू असलेली रसायनं चालतात. ती जळल्यावर राख राहते. आउटबोर्ड पाण्यामुळे थंड चालतं, आपण ते तासन् तास हळूही चालवतो. ती राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते, निखाऱ्यासारखी तापते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते. आमच्या सभासदाच्या पिस्टनला भोक पडलं ते असं. टीसी-डब्ल्यू३ मध्ये राख करणारे धातू नसतात.

दुसरी फसगत. जपानच्या जासो दर्जात "एफसी" आणि "एफडी" ही मोटरसायकल-स्कूटरच्या टू-स्ट्रोक ऑइलची नावं आहेत, तर "एफसी-डब्ल्यू" हे फोर-स्ट्रोक आउटबोर्डचं. एक पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचं, दुसरं इंजिनाच्या चेंबरमध्ये भरायचं. फक्त डब्ल्यूचा फरक, पण तो डब्ल्यू बघूनच डबा घ्या. एफसी-डब्ल्यू ऑइलला गंज लागण्याची वेगळी चाचणी पास व्हावी लागते, आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्या इंजिनाला तेच हवं.

मिश्रणाचं प्रमाणही मॅन्युअलप्रमाणे. ५० ला १ सांगितलं असेल तर २० लिटर पेट्रोलला ४०० मिली. १०० ला १ असेल तर २०० मिली. डोळ्याच्या अंदाजाने नको, मापाचा डबा ठेवा.

आणि खालच्या गिअरकेसमध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल जातं, ते बघून कोणी म्हणतं, "हे तर ४० च्या दुप्पट जाडं!" तसं नाही. गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या पट्टीवरचे. गिअरचं ९० हे इंजिनाच्या ४०-५० च्या आसपासच दाट असतं. दोन पट्ट्यांची तुलना करायची नाही.

ऑइल बदलायचं कधी?

बोटीला किलोमीटर नसतात, तास असतात. पुष्कळ आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. इनबोर्ड डिझेलला इंजिनाप्रमाणे आकडा बदलतो. तासांचं मीटर बंद असेल तर तांडेलाने वहीत रोजचे तास लिहावेत.

डिझेलचं ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं समजू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काळजी कधी करायची? डिपस्टिकवर ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. डिझेलचा वास आला आणि लेव्हल आपोआप वाढली तर इंधन उतरतंय. अशा वेळी ऑइल बदलून भागणार नाही, आधी कारण शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यातले बरेच जण ऑइल जुलैच्या शेवटी, बोट बाहेर काढायच्या आधी बदलतात. ते बंदीच्या सुरुवातीला बदला. हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. ते ऑइल तसंच ठेवलं तर पावसाळ्याचे दोन महिने बेअरिंगवर बसून खात राहतं. इंजिन गरम करा, जुनं ऑइल काढा, फिल्टर नवा लावा, नवं ऑइल भरा आणि थोडा वेळ चालवा म्हणजे ते सगळीकडे पोहोचेल. खर्च तोच, फक्त दोन महिने आधी. काढलेलं ऑइल जेटीवर किंवा खाडीत ओतू नका. पिंपात साठवून परवाना असलेल्या रिसायकल करणाऱ्याला द्या. त्याच पाण्यात आपली मासळी वाढते.

दुकानात उभं राहिल्यावर तीन प्रश्न विचारा : मॅन्युअलने सांगितलेला आकडा हाच का? अक्षरं तीच किंवा त्यापुढची का? आउटबोर्ड असेल तर डब्ल्यू आहे का? तिन्हीला "होय" आलं तरच पैसे द्या.

मॅन्युअल हरवलं असेल तर इंजिनावरच्या पाटीचा फोटो घेऊन ऑफिसात या, बसून बघू. आणि ही पोस्ट तुमच्या तांडेलाला आणि मेकॅनिकलाही पाठवा. डबा बहुतेक वेळा तेच आणतात.