आधी पुढचा टायर बघा

जून उजाडला आणि मन्याड खोऱ्यात पहिले दोन-तीन पाऊस झाले की आमच्या अपघात विभागात ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. कुणी धडक दिलेली नसते. 'गाडी घसरली' एवढंच कारण सांगतात. कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाचं कॉलर बोन तुटलेलं, कोपर आणि गुडघे सोलून निघालेले. मागे एका बाजूला बसलेल्या बाईला तर चालवणाऱ्यापेक्षा जास्त मार, आणि तोही डोक्याला. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेटची चौकशी निदान पोलीस तरी करतात. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जो तळहाताएवढा रबराचा तुकडा असतो, त्याची चौकशी कुणीच करत नाही.

कंधार–लोहा रस्ता घ्या की कंधार–मुखेड, पेरणीच्या दिवसांत शेतातून डांबरावर चढणारा ट्रॅक्टर चाकांना काळी माती घेऊनच येतो. या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि ओल्या साबणासारखी होते. रबर आणि डांबर यांच्यामध्ये असा थर आला की पकड निम्म्यावर येऊ शकते. याचं गणित सोपं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली की त्याला ४० मीटर लागतात. शिवाय समोरचं पाहून ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर जातो, आणि तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते.

टायरवरची नक्षी असते ती पाणी बाजूला सारायला. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही बरा चालतो, म्हणून तर माणूस फसतो. मे महिन्यात काही जाणवत नाही आणि जूनमध्ये आडवा होतो. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. मोजपट्टी लागत नाही. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं असतात. त्यांच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा दिसेल. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला. थोडा जीव उरलेला टायर दिवाळीपर्यंत ओढायचा आपला रिवाज आहे. माझ्या मते तो मृग लागण्याआधीच काढावा.

आता पुढच्या टायरकडे येऊ. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागचं चाक घसरलं तर सावरायला क्षणभर तरी मिळतो. पुढचं घसरलं की काय झालं ते कळायच्या आत माणूस खाली असतो. मग तो हात टेकवतो, आणि मनगटं मोडतात ती इथेच. पण मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून मागे नवा पडतो आणि पुढे गाडीबरोबर आलेलाच चालू राहतो. नक्षी शिल्लक दिसते, पण रबर केव्हाच कडक झालेलं असतं. मराठवाड्याच्या उन्हात दारात उभ्या गाडीचं रबर भेगाळतं. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ सालातला चोविसावा आठवडा. विकत घेतानाही हे आकडे वाचावेत, कारण दुकानातला टायर 'नवा' असूनही जुना असू शकतो. पाच वर्षांनंतर तो दरवर्षी तपासून घ्यावा. दहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी ठेवू नये.

तरुण मंडळींना मागे जाडजूड टायर हवा असतो. ती हौस मला पटत नाही. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो आवळला जातो, त्याचा गोलवा बिघडतो आणि वळणावर गाडी झुकली की पकड कमी होते. बटन टायरचंही तसंच. शेताच्या वाटेवर तो उत्तम, पण डांबरावर त्याच्या गोट्याच तेवढ्या टेकतात. रोज शेतात जाणाऱ्याने तो जरूर घ्यावा, मात्र डांबरावर आल्यावर वेग आवरावा. बाकीच्यांनी कंपनीने दिलेल्या मापाचाच टायर घ्यावा.

मापापुढचा आकडाही बघा. १०० सीसी गाडीच्या मागच्या टायरवर बहुधा '८०/१००-१८ ५४पी' असं असतं. यातल्या ५४ चा अर्थ तो टायर २१२ किलो भार पेलतो. पुढच्यावर ४७ असेल तर १७५ किलो. माप एकच दिसतं म्हणून ४७ चा टायर मागे टाकू नये. दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवणाऱ्यांनी तर मुळीच नाही. आणि हे किलो हवा पुरेशी भरलेली असतानाचे आहेत. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि आतून तापतो. उन्हाळ्यात रस्ता आधीच तापलेला असतो, त्यात हे. हवेचं प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि दोघांसाठी वेगळं. ते सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासावं. रक्तदाब जिना चढून आल्याबरोबर मोजत नाहीत, तसंच हे.

ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूबचा टायर एकदम बसतो. तारांच्या साध्या रिमला मात्र ट्यूब लागतेच. तिथे नवा टायर टाकताना ट्यूबही नवी घ्या, ठिगळांची जुनी नको. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच बसलाय ना, हे दुकानातून निघण्याआधी स्वतः पाहा.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका आणि गाडी फार झुकवू नका. मागे कुणाला बसवायचं असेल तर तेवढं अंतर आधी एकट्याने चालवून घ्या.