पेढीचे दफ्तर कोणाच्या फोनात?

दुबईच्या देरा भागात व्यापार करणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाच्या पेढीत ग्राहकाची मागणी कोणत्या वाटेने येते, हे पाहिले म्हणजे कार्यालयासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. मालाच्या मागणीचा कागद, ज्याला तेथे सर्रास ‘एलपीओ’ म्हणतात, त्याचे छायाचित्र सेल्समनच्या खासगी व्हॉट्सॲपवर येते. भाव, मुदत आणि सूट व्हॉइस मेसेजमध्येच ठरतात. आणि हिशेबनीस बिल करावयास बसतो, तेव्हा त्याच्यापुढे अर्धाच व्यवहार असतो.

ही गैरसोय अमिरातीत विशेष महाग पडते. १ जानेवारी २०१८ पासून तेथे ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि त्याचे दस्तऐवज सामान्यतः ५ वर्षे, तर २०२३ मध्ये आलेल्या कंपनी कराचे ७ वर्षे जपून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उलट, नोकरमाणसांचा व्हिसा बहुधा नोकरीशी जखडलेला असल्यामुळे नोकरी सुटून माणूस मायदेशी परतला की त्याच्या फोनबरोबर पेढीचा पत्रव्यवहारही विमानात बसतो.

म्हणून माझ्या मते पेढीच्या स्वतःच्या डोमेनवरील ईमेल प्रथम, बाकी सर्व नंतर. ग्राहकाशी झालेला करारमदार ईमेलमध्येच असावा. आपसांतील विचारपूस, गोदामातील मालाची चौकशी, घाईचे निरोप यांसाठी टीम्स, स्लॅक किंवा झोहो क्लिक खुशाल वापरावे. मात्र स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत, हे करखात्याच्या ५ वर्षांशेजारी ठेवून पाहावे. दहाबारा माणसांच्या पेढीला ईमेल आणि संभाषण एकत्र देणारे मायक्रोसॉफ्ट ३६५, गूगल वर्कस्पेस किंवा झोहो वर्कप्लेस यांपैकी एक पुरेसे असते.

इंटरनेटवरून बोलण्यावर त्या देशात निर्बंध आहेत. व्हॉट्सॲपचे कॉल सर्वसाधारणपणे चालत नाहीत, पण मार्च २०२० मध्ये महामारीच्या काळात दूरसंचार नियामकाने टीम्स, झूम आदींना मुभा दिली. शिवाय मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दुबई व अबू धाबी येथे आपली डेटा केंद्रे उघडली. रुग्णांची किंवा सरकारी कामाची माहिती हाताळणाऱ्यांनी ती देशात राहते की बाहेर जाते, हे करारनाम्यात लिहून घ्यावे.

किंमत ठरवण्यापूर्वी विक्रेत्याला समोर बसवून एक नमुन्याचे खाते बंद करावयास लावावे, आणि त्यातील जुनी पत्रे मालकाच्या हाती किती वेळात व कोणत्या स्वरूपात येतात, हे स्वतः पाहावे.