विश्लेषण : वीज कंपनीतला ‘पिनाका’चा विभाग संरक्षण कंपनीत कसा गेला?

गगनबावडा : ‘पिनाका’ रॉकेटचे लाँचर बनवणाऱ्यांपैकी एक विभाग मूळचा टाटा पॉवर या वीज कंपनीचा. आज तो टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्समध्ये (टीएएसएल) आहे. अशा एकत्रीकरणाचे परिणाम सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांपर्यंत पोहोचू शकतात. कसे, ते पाहू.

व्यवहार काय होता?
टाटा पॉवरचा स्ट्रॅटेजिक इंजिनीअरिंग डिव्हिजन हा विभाग टीएएसएलला देण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला. मूल्य ठरले २,२३० कोटी रुपये. त्यातील १,१९० कोटी पुढील उद्दिष्टे पूर्ण झाली तरच मिळणार होते. ऑक्टोबर २०२० अखेर हस्तांतर पूर्ण झाले. टाटा पॉवरला कर्ज कमी करून वीज व्यवसायावर लक्ष द्यायचे होते.

हे विलीनीकरण आहे का?
काटेकोरपणे नाही. विलीनीकरणात एक कंपनी दुसरीत सामावून संपते. इथे ‘स्लम्प सेल’ झाला. म्हणजे प्रत्येक मालमत्तेची वेगळी किंमत न लावता चालता व्यवसाय एकगठ्ठा विकला जातो आणि विकणारी कंपनी कायम राहते.

एकत्र येण्याची गरज काय?
मुख्य ग्राहक एकच, सरकार. संशोधनाला आणि ऑर्डर मिळायलाही वर्षे जातात. रडार, लाँचर, नियंत्रण यंत्रणा एका छताखाली असतील, तर मोठ्या कंत्राटात उतरता येते. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये ब्रिटिश एरोस्पेस आणि मार्कोनी इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स एकत्र येऊन ‘बीएई सिस्टिम्स’ झाली. टीएएसएल आज एअरबससोबत वडोदऱ्यात सी-२९५ विमाने बांधते आहे. ५६ पैकी ४० विमाने भारतात बनणार आहेत.

लहान कारखान्यांचे काय?
गगनबावड्यातून आयटीआय किंवा डिप्लोमा करून शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहतींत कामाला जाणाऱ्यांसाठी हाच प्रश्न महत्त्वाचा. ग्राहक मोठा झाला, तर ऑर्डरही मोठी मिळू शकते. पण तीन ग्राहकांचा एक झाला, की भाव करायला दुसरे दार उरत नाही. पैसे थकले, तर सारा कारखानाच अडतो.

संरक्षण कोणते?
एमएसएमई कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून ठेवलेली बरी.