जुनी एफआय मोटारसायकल झटके मारते तेव्हा : स्क्रूआधी क्रम सांभाळा

आपल्या समाजातील कितीतरी तरुणांची रोजी मोटारसायकल दुरुस्तीवर चालते. उस्तादाच्या हाताखाली शिकलेला कार्बोरेटरचा हुन्नर हीच या धंद्याची पुंजी होती. एअर स्क्रू दीड आटा, आवाज ऐकून पाव आटा मागे, प्लगचा रंग पाहून जेट, एवढ्या ज्ञानावर घरे उभी राहिली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मानके देशभर लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मात्र फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे एफआयच्या गाड्या त्याच्या बऱ्याच आधीपासून रस्त्यावर आहेत. हीरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ ची, बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय २००७ ची, रॉयल एन्फिल्डची क्लासिक ५०० ही २००९ ची, तर केटीएमची ड्यूक २०० ही २०१२ ची. या गाड्यांची कंपनीची हमी केव्हाच संपली आहे. आता त्या आपल्याच गॅरेजच्या दारात येतात.

त्यांची नेहमीची तक्रार एकच असते : "मूठ जराशी पिळली की गाडी झटका मारते, सोडली की पुन्हा झटका." अशा वेळी काही ठिकाणी "सेन्सर गेला" किंवा "कॉम्प्युटर खराब झाला" असे सांगून महागडे भाग बदलले जातात. झटका मात्र तसाच राहतो. आमचे सांगणे असे की या तक्रारीचे मूळ पुष्कळदा ढिली चेन, मळ, हवेची गळती किंवा अशक्त बॅटरी यांत असते. म्हणून तपासणी क्रमाने करावी. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग ते शेवटी.

झटका येतो कसा?

एफआय गाडीत मूठ पिळल्यावर पेट्रोल वाढत नाही, फक्त हवेचे दार उघडते. ते किती उघडले हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे टीपीएस, सांगतो. बहुतेक गाड्यांत हवेचा दाब आणि इंजिनाचे तापमान सांगणारे सेन्सरही असतात. या माहितीवरून ईसीएम इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. मूठ पूर्ण सोडली आणि इंजिन वेगात असले, तर ईसीएम पेट्रोल बंद करतो. पुन्हा थोडी मूठ पिळली की पेट्रोल सुरू होते. बंद आणि चालू यांच्या या सांध्यावरच झटका जाणवतो.

क्लासिक ५०० चे उदाहरण घेऊ. तिचे ४९९ सीसीचे एकच सिलिंडर. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकच शक्तीचा ठोका मिळतो. २००० आरपीएमला सेकंदाला जेमतेम सतरा ठोके होतात. त्यात वरचा गिअर टाकून हळू चालवली तर थोडेफार हिसके बसणारच. तो गाडीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. हे ग्राहकाला कामाआधीच सांगावे. म्हणून प्रथम ग्राहकाला मागे बसवून स्वतः गाडी चालवून पाहावी. झटका कोणत्या गिअरला, किती वेगाला, थंड इंजिनात की गरम, हे लिहून ठेवावे.

आधी पान्याचे काम

चेनचा ढिलेपणा पाहावा. बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिलिमीटर योग्य असतो, पण त्या गाडीचा कंपनीचा आकडा प्रमाण मानावा. चेन कुठे घट्ट, कुठे सैल असेल तर चेनसेट झिजला आहे. मागच्या चाकातील ड्रम रबर दाबून पाहावेत. ते बसले असतील तर पेट्रोलचा छोटा बदलही सीटखाली धक्का बनतो. मग ॲक्सिलरेटर केबल. मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळीक, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही आयडलिंग न बदलणे आणि मूठ सोडताच ती आपोआप परत येणे, या तिन्ही गोष्टी हव्यात. केबल अडखळत असेल तर कितीही ट्यूनिंग केले तरी ते वाया जाते.

एअर फिल्टर कागदी असेल तर पेट्रोलने धुऊ नये, बदलावा. प्लग तपासावा. क्लासिक ५०० मध्ये हायड्रॉलिक टॅपेट असल्याने तेथे काही करायचे नसते, पण इतर बहुतेक गाड्यांत टॅपेटची जागा मोजावी.

मग मल्टिमीटर

बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट आणि रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. व्होल्टेज कमी असले की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि पंपही मंदावतो. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणातील गाड्यांत, कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढलेला आढळतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढावा, अर्थिंगचे बोल्ट घासून कसावेत. फ्रेमला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी आधी सोडावी, नाहीतर ईसीएम जळण्याचा धोका असतो.

चावी फिरवल्यावर इंजिनाचा इशारा-दिवा लागून विझतो की लुकलुकतो ते पाहावे. होंडाच्या पद्धतीत लांब लुकलुक दहाची आणि छोटी एकची असते. त्या संख्येवरून दोष कोणत्या सेन्सरच्या मार्गात आहे ते कळते. लक्षात ठेवावे, दोष 'मार्गात' आहे. त्यात वायर आणि कनेक्टरही आले. ते पाहिल्याशिवाय सेन्सर बदलू नये.

टीपीएसची तपासणी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत त्याला ५ व्होल्ट पुरवठा असतो आणि मूठ बंद असताना सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळतो. मूठ अगदी हळू पिळावी. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच तो उडाला किंवा पडला, तर मुठीच्या त्याच जागी झटका येतो का ते जुळवून पाहावे. जुळले तरच टीपीएस दोषी.

हवा आणि मळ

थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांमधील रबर वर्षांनुवर्षे तापून तडकतो. आयडलिंगवर त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा द्यावा. आवाज बदलला तर गळती आहे. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याची सवय जिवावर बेतू शकते, ती सोडावी.

थ्रॉटल बॉडीच्या पाकळीच्या कडेला काळा मळ साचला की मूठ उघडण्याच्या पहिल्या क्षणी हवा अडते. बॉडी उतरवून थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने ती पुसावी. पॉलिशपेपर वापरू नये, टीपीएसवर फवारा जाऊ देऊ नये. नंतर काही गाड्यांत स्कॅनरने आयडलिंगची नवी नोंद करावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाकळीच्या बाजूचा रंग लावलेला स्टॉप स्क्रू. कार्बोरेटरची सवय असलेला हात आधी तिकडेच जातो. तो स्लो स्क्रू नव्हे. पाकळी पूर्ण बंद असण्याची जागा कारखान्यात त्यावर ठरवलेली असते. तो फिरवला की आयडलिंग दोन दिवस छान वाटते. पण मूठ बंद आहे हेच ईसीएमला ओळखू येईनासे होते आणि झटका वाढतो.

पेट्रोलची बाजू

येथवर काही सापडले नाही तरच इंजेक्टर आणि पंप. पाइप काढण्यापूर्वी पंपाचा कनेक्टर सोडून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. मग गेज लावून दाब मोजावा. पुष्कळ गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो. इंजेक्टर मशिनवर साफ करून घ्यावा, छिद्रात तार घालू नये. कार्बोरेटरचा साधा पेट्रोल पाइप येथे चालत नाही. एफआयच्या दाबाचाच पाइप लावावा.

आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येते. एका भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेला हे इंधन थोडे जास्त लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी आयडलिंगला आणि मध्यम वेगाला ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. तो सेन्सर नसेल किंवा निकामी असेल तर मिश्रण पातळ राहते आणि हलक्या मुठीला गाडी अडखळते. इथेनॉल पाणीही शोषते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आधी रिकामी करून पाहावी. ईसीएमला चकवणारे बाजारातले छोटे डबे लावून मूळ दोष जात नाही, तो झाकला जातो.

हिशेब चोख ठेवा

धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओल लागली, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्या विक्रेत्याला काय बजावले, ते आपण जाणतो. कार्बोरेटरमधला कचरा ग्राहकाला डोळ्यांनी दिसत होता. ईसीएम आणि सेन्सर त्याच्यासाठी बंद ढीग आहेत. आत काय आहे ते फक्त कारागिराला ठाऊक. म्हणून या कामात अमानतीचे ओझे वाढले आहे.

आमची सूचना साधी आहे. तपासणीची मजुरी वेगळी आणि आधीच सांगून घ्यावी. त्यात संकोच नको, कारण निदान हेही कसबच आहे. सापडलेले आकडे बिलावर लिहावेत. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. केवळ चेन ताणून आणि थ्रॉटल बॉडी पुसून झटका गेला असेल तर तेवढेच पैसे घ्यावेत. तीनशेचे खरे काम करून घेतलेला ग्राहक पुढच्या वेळी भावाची गाडीही घेऊन येतो. तीन हजारांचा नको असलेला सेन्सर विकत घेतलेला ग्राहक एकदाच येतो. मल्टिमीटर, प्रेशर गेज आणि कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल एवढी जुळवाजुळव झाली की उस्तादांचा जुना कान या नव्या गाड्यांवरही उपयोगी पडेल. फक्त हात स्क्रूकडे जाण्यापूर्वी डोळे मीटरकडे गेले पाहिजेत.